मांत्रिक, नट आणि तिकीटबारी

इंग्लंडच्या संसदेने १५७२ साली भटक्यांना आणि उनाडांना शिक्षा करण्यासाठी जो कायदा केला, त्यातील दंडनीय लोकांच्या यादीत हात किंवा चेहरेपट्टी पाहून भविष्य सांगणारे, हातचलाखीचे खेळ करणारे आणि कोणा सरदाराचा आश्रय नसलेले नाटकातील नट या सर्वांना एकाच रांगेत बसवलेले होते, आणि गुन्हा शाबीत झाल्यास त्या सर्वांना शिक्षाही एकच होती: चाबकाचे फटके आणि उजव्या कानाच्या पाळीला तापल्या लोखंडाचा डाग. मांत्रिक आणि नट यांना एकाच मापाने मोजणाऱ्या या कायद्यानंतर वीस वर्षांच्या आसपास लंडनच्या रंगभूमीवर एका कुप्रसिद्ध जर्मन मांत्रिकाच्या आयुष्यावरचे नाटक आले आणि नटांच्या एका मंडळीने ते वर्षानुवर्षे चालवले, ही बाब निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगी नाही. ख्रिस्तोफर मार्लोच्या ‘डॉक्टर फाउस्टस’ या नाटकाकडे धर्मशास्त्र, मानवतावाद किंवा काव्य यांच्या अंगाने पुष्कळ पाहिले गेले आहे. पण हे नाटक घडवणारे, वाढवणारे आणि टिकवणारे हात बव्हंशी धंदेवाईक नाटकवाल्यांचे होते, आणि त्या नाटकवाल्यांनी मांत्रिकाच्या गोष्टीत आपलीच गोष्ट ओळखलेली होती, हे लक्षात घेतल्याखेरीज त्याचा इतिहास नीट उलगडत नाही.

ज्या माणसावरून हे सारे निघाले तो फाउस्ट काल्पनिक नव्हता. सोळाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत जर्मन प्रदेशांत गावोगाव हिंडणारा या नावाचा एक ज्योतिषी व मांत्रिक होऊन गेला, आणि त्याच्याविषयीचा सर्वांत जुना मजकूर २० ऑगस्ट १५०७ च्या एका पत्रात सापडतो. पत्र लिहिणारा योहानेस ट्रिथेमिउस हा वुर्झबुर्ग येथील मठाचा अधिपती. त्याने हायडेलबर्गच्या एका गणितज्ञाला कळवले आहे, की हा मनुष्य स्वतःला मृतविद्येचा, म्हणजे मेलेल्यांचे आत्मे बोलावून त्यांच्याकडून भविष्य काढून घेण्याच्या विद्येचा, झरा म्हणवतो, प्लेटो आणि ॲरिस्टॉटलचे सारे ग्रंथ नष्ट झाले तरी आपण ते मुखोद्गत म्हणून दाखवू अशी बढाई मारतो, आणि ख्रिस्ताचे चमत्कार आपल्यालाही करता येतात असे म्हणतो. मात्र समोरासमोर गाठ पडण्याची वेळ आली तेव्हा तो गाव सोडून पळाला. या पत्रातील तिरस्कार वाचताना एक गोष्ट विसरू नये, ती ही की ट्रिथेमिउस स्वतः गुप्तलेखन आणि देवदूतांचे आवाहन यांवर ग्रंथ रचत होता आणि त्याच्यावरही जादूटोण्याचा संशय घेतला जात होता. मठात बसून गूढविद्या करणाऱ्याने रस्त्यावरच्या गूढविद्येवाल्याला भोंदू ठरवावे, यात विद्येपेक्षा प्रतिष्ठेचाच प्रश्न अधिक दिसतो.

त्यानंतरच्या नोंदी तुटक आहेत, पण बोलक्या आहेत. १५१३ साली एअरफुर्टच्या एका खानावळीत तो बडबडताना एका विद्वानाने ऐकला. १५२० साली बांबेर्गच्या बिशपने त्याच्याकडून पत्रिका मांडून घेतली आणि हिशेबात १० गुल्डन खर्ची पडले. १५२८ साली इंगोलश्टाट शहराने त्याला आपले पैसे दुसरीकडे जाऊन खर्च कर असे सांगून वेशीबाहेर घालवले. आणि १५३२ साली न्यूर्नबेर्गने त्याला शहरात येण्याचा परवानाच नाकारला. म्हणजे एका हाताने बिदागी आणि दुसऱ्या हाताने हद्दपारी हा फिरत्या करमणूकदाराला येणारा अनुभव त्याच्या वाट्याला पुरेपूर आला. १५४० च्या सुमारास श्टाउफेन या गावी त्याचा मृत्यू झाला असे परंपरा सांगते, आणि मरणानंतर तो जिवंतपणी होता त्याहून कितीतरी मोठा मांत्रिक झाला.

हे मोठेपण त्याला मिळाले ते छापखान्यामुळे. १५८७ साली फ्रँकफुर्टच्या योहान स्पीस या मुद्रकाने फाउस्टच्या जीवनाची एक निनावी कथा छापली, जिचा लेखक कट्टर लूथरपंथी असावा हे पानोपानी जाणवते. विटेनबेर्ग या लूथरच्याच विद्यापीठात शिकलेला फाउस्ट ज्ञानाच्या हव्यासापायी सैतानाशी २४ वर्षांचा करार आपल्या रक्ताने लिहून देतो आणि मुदत भरताच त्याच्या देहाच्या चिंधड्या उडतात, ही आज सर्वांना ठाऊक असलेली कथा या पुस्तकात प्रथम एकसंध रूपात आली. पुस्तकाचा उद्देश वाचकांना धाक घालण्याचा होता, पण खप झाला तो मधल्या गंमतींमुळे: अदृश्य होऊन पोपच्या ताटातले पळवणे, सम्राटापुढे अलेक्झांडरला उभे करणे, घोडेवाल्या व्यापाऱ्याला ठकवणे. उपदेश विकण्यासाठी चमत्कार आणि चमत्कार छापता यावेत म्हणून उपदेश, अशी ही सोय होती, आणि ती पुढे नाटकाने जशीच्या तशी उचलली.

या कथेचा इंग्रजी अनुवाद ‘पी. एफ.’ एवढीच आद्याक्षरे लावणाऱ्या कोणी केला, आणि त्याची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी आवृत्ती १५९२ ची आहे. मार्लोने तो अनुवाद समोर ठेवूनच नाटक रचले. ते १५८८-८९ च्या सुमारास की १५९२ मध्ये, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. मार्लो हा कँटरबरीच्या एका चांभाराचा मुलगा, १५६४ चा जन्म, शिष्यवृत्तीवर केंब्रिजला शिकलेला, आणि पाद्री होण्याच्या वाटेवरून नाटकांकडे वळलेला. त्याच्यावर नास्तिकपणाचे आरोप झाले, मे १५९३ मध्ये त्याला प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळापुढे, हजर करण्याचा हुकूम निघाला, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला डेटफर्ड येथे झालेल्या झटापटीत तो मारला गेला. वादग्रस्त मांत्रिकावरचे नाटक लिहिणारा स्वतःही वादग्रस्त होऊन वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी संपल्यामुळे नाटककार आणि नायक एकच असल्याचा भास पुढच्या पिढ्यांना होत राहिला. तो मोह मोठा असला तरी त्यामुळे नाटकातील अर्धे अधिक काम दिसेनासे होते, कारण ते काम मार्लो गेल्यावर झाले.

मार्लोच्या मृत्यूनंतरच्या वर्षी या नाटकाच्या प्रयोगाची पहिली लेखी नोंद मिळते, ती फिलिप हेन्स्लो याच्या हिशेबवहीत. हेन्स्लो हा मूळचा रंगाऱ्याच्या धंद्यातला, पैसे व्याजाने देणारा, गहाण ठेवून घेणारा, आणि टेम्सच्या दक्षिण काठावरील ‘रोझ’ या नाटकगृहाचा मालक होता. ३० सप्टेंबर १५९४ या तारखेपुढे त्याने या नाटकाचे ३ पौंड १२ शिलिंग मांडले आहेत, आणि हा आकडा संपूर्ण गल्ल्याचा नसून मालकाच्या वाट्याचा समजला जातो. पुढच्या तीन वर्षांत दोन डझनांच्या आसपास प्रयोग झाल्याचे हीच वही सांगते. फाउस्टसच्या नावाचे स्पेलिंग हेन्स्लो मनाला येईल तसे करतो, मार्लोचा तर कुठे उल्लेखही करत नाही, कारण त्याच्या लेखी नाटक म्हणजे त्या दिवशी पेटीत पडलेली रक्कम होती.

फाउस्टसची भूमिका करणारा एडवर्ड ॲलन हा हेन्स्लोच्या सावत्र मुलीचा नवरा आणि त्या काळातील पहिल्या प्रतीचा नट होता. त्याच्या पोशाखांच्या यादीत फाउस्टसचे जॅकेट आणि झगा स्वतंत्रपणे नोंदवलेले आहेत, आणि पाद्र्यासारखा पांढरा अंगरखा घालून छातीवर क्रूस लावलेला ॲलनचा फाउस्टस इतका प्रसिद्ध होता, की त्याचा दाखला पुढे एका विनोदी पद्यातही आला. सैतानाला हाक मारणाऱ्याने क्रूस का लावावा, या प्रश्नाची दोन उत्तरे संभवतात: मंत्रसाधना करताना साधकाने स्वतःचे रक्षण करावे अशी त्या विद्येची रीतच होती, आणि शिवाय खोट्या मंत्राला खरा सैतान धावून आलाच तर नटालाही थोडा आधार हवा होता.

नाटकमंडळीच्या १५९८ च्या सामानाच्या यादीत याहून मनोरंजक गोष्टी आहेत. त्यात एक ‘नरकाचे तोंड’ आहे, म्हणजे मध्ययुगीन धर्मनाटकांतून चालत आलेला, पापी माणसांना गिळणारा मोठा जबडा, आणि ‘फाउस्टसमधला ड्रॅगन’ अशी सरळ नोंद आहे. मंडळीच्या नोंदींत ‘अदृश्य होऊन फिरण्याचा झगा’ विकत घेतल्याचीही नोंद सापडते. तो कोणत्या नाटकासाठी घेतला हे लिहिलेले नाही, पण पोपच्या मेजवानीत फाउस्टस अदृश्यपणे वावरतो त्या प्रवेशाला असाच झगा लागणार हे उघड आहे. नटाने तो अंगावर घातला, की इतर पात्रांना तो दिसत नाही असे प्रेक्षकांनी धरून चालायचे, हा रंगभूमीवरील संकेत होता. आणि असा संकेत शिंप्याकडून शिवून घेऊन त्याची किंमत वहीत मांडता येते, ही गोष्ट कोणत्याही मांत्रिकाला हेवा वाटावा अशी आहे.

प्रत्यक्ष प्रयोग कसा दिसे याचे चित्र १६२० साली जॉन मेल्टन याने ज्योतिष्यांची टर उडवणाऱ्या पुस्तकात रेखाटले आहे. तोवर मंडळीचा मुक्काम ‘फॉर्च्यून’ या नव्या नाटकगृहात हलला होता. केसाळ अंगाचे सैतान तोंडात पेटते फटाके धरून गर्जना करत रंगमंचभर धावत, रंगपटात ढोलवाले गडगडाट काढत, आणि रंगमंचावरच्या छतात, ज्याला नाटकवाले ‘स्वर्ग’ म्हणत, तिथे बसलेली रोजंदारीची माणसे कृत्रिम विजा पाडत, असे त्याने लिहिले आहे. जुन्या मराठी नाटकमंडळ्यांनी ज्याला ट्रिकसीन म्हटले त्याच जातीचा हा मामला होता, आणि तो लाकडी इमारतीत उघड्या आगीने चाले. मेल्टनच्या पुस्तकानंतर पुढच्याच वर्षी फॉर्च्यून जळून खाक झाले, अर्थात ते सैतानाच्या फटाक्यांमुळे झाले असे कुठे म्हटलेले नाही.

संहितेकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे एक गोष्ट ठळकपणे समोर येते. अनंत ज्ञान आणि अमर्याद सत्ता यांसाठी आत्मा विकणारा फाउस्टस चोवीस वर्षांत प्रत्यक्षात काय करतो, तर खेळ दाखवतो. सैतान त्याला सात महापापांची मिरवणूक दाखवतो, तो सम्राटाला अलेक्झांडर दाखवतो, गरोदर डचेससाठी भर थंडीत द्राक्षे आणतो, आणि अखेरीस विद्यार्थ्यांपुढे ट्रॉयची हेलन उभी करतो. त्या रंगभूमीवर स्त्रियांना मज्जाव असल्याने ती हेलन म्हणजे पोशाख चढवलेला, एकही शब्द न बोलणारा एक पोऱ्या असे. टीकाकारांनी या मधल्या भागाला उथळ म्हटले आहे आणि नायकाच्या महत्त्वाकांक्षेचा हा ऱ्हास मार्लोने हेतुपूर्वक दाखवला असेही म्हटले आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु ज्या धंद्याला कायदा जादूगारांच्या रांगेत उभा करत होता, त्या धंद्यातील माणसांनी जादूगाराला नाटकमंडळीचा सूत्रधार करून सोडावे, यात आत्मचित्रण आहे, आणि ते बरेचसे निर्दय आहे.

१५९६-९७ मध्ये नाटकाचा गल्ला घसरला. त्यावर धंदेवाईक उपाय योजण्यात आला: नोव्हेंबर १६०२ मध्ये हेन्स्लोने विल्यम बर्ड आणि सॅम्युएल रोली या दोघांना ‘डॉक्टर फाउस्टस’मध्ये भर घालण्यासाठी ४ पौंड दिले. संपूर्ण नव्या नाटकाला पाच-सहा पौंड पडत असण्याच्या काळात ही रक्कम लहान नव्हती. नाटक छापले गेले ते १६०४ साली, आणि पुन्हा १६१६ साली बरेच वेगळ्या रूपात. अभ्यासक या दोन पाठांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणतात. ‘ब’ पाठात सहाशेहून अधिक ओळी जादा आहेत: पोपच्या दरबारातील प्रवेश फुगवलेले आहेत, टिंगल करणाऱ्या सरदाराच्या डोक्यावर शिंगे उगवण्याचा प्रसंग लांबवला आहे, फाउस्टसचे खोटे मुंडके उडवले जाते, आणि शेवटी विद्यार्थ्यांना त्याचे तुटलेले अवयव सापडतात. उलट काही ठिकाणी देवाचे नाव गाळलेले किंवा सौम्य केलेले दिसते, कारण १६०६ च्या कायद्याने रंगमंचावर देवाचे नाव हलकेपणाने घेणाऱ्याला १० पौंड दंड ठरवला होता. सैतानाच्या नावावर दंड नव्हता, म्हणून तो मात्र वाढत गेला. विसाव्या शतकाच्या मध्याला संशोधकांचा कल ‘ब’कडे होता, नंतर तो ‘अ’कडे झुकला, पण या दोन्ही पाठांमागे एक शुद्ध, अस्पर्श मार्लो दडलेला आहे ही समजूत नाटकाच्या स्वभावाशीच विसंगत वाटते.

सैतानाची ही वाढती गर्दी प्रेक्षकांच्या कल्पनेतही शिरली. एक्झेटर येथील प्रयोगात मांत्रिक मंत्र म्हणत असताना रंगमंचावर ठरल्यापेक्षा एक सैतान जास्त आहे असे नटांच्या लक्षात आले, त्यांनी प्रेक्षकांची क्षमा मागून खेळ थांबवला आणि रात्र प्रार्थनेत घालवली, अशी कथा त्या काळात पसरली होती. नाट्यविरोधी प्युरिटन वकील विल्यम प्रिन याने १६३३ साली आपल्या हजारांवर पानांच्या ग्रंथात लंडनच्या ‘बेलसॅव्हेज’ सरायीतील प्रयोगाविषयी तशीच हकीकत दिली, आणि ती पाहून काहींना वेड लागल्याचेही सांगितले. नाटक हेच सैतानाचे काम असल्याने खरा सैतान तिथे येणारच, असा प्रिनचा युक्तिवाद होता. त्याला हे उमगले नसावे, की अशा अफवेइतकी चांगली जाहिरात कोणत्याही मंडळीला पैसे देऊन मिळाली नसती. ग्रंथातील मजकूर राणीला लागू पडतो असे ठरून प्रिनचेच कान पुढच्या वर्षी कापण्यात आले. ॲलनने १६१९ मध्ये डलिच येथे शाळा व गोरगरिबांसाठी आश्रम स्थापला तो सैतान पाहिल्याच्या धसक्याने, अशीही दंतकथा पुढे जोडली गेली; हेन्स्लोची वही आज त्याच संस्थेत जपलेली आहे.

दरम्यान इंग्रज नटांच्या फिरत्या मंडळ्यांनी हे नाटक फाउस्टच्या मुलखात नेले. १६०८ साली ग्राट्स येथे आणि १६२६ साली ड्रेस्डेन येथे त्याचे प्रयोग झाल्याच्या नोंदी आहेत. भाषा कळत नसलेल्या प्रेक्षकांपुढे काव्य गळून पडले आणि विदूषक, आग व सैतान उरले. कालांतराने नटही गेले आणि खेळ कळसूत्री बाहुल्यांकडे आला. जत्रेतल्या त्या बाहुल्यांच्या खेळात फाउस्ट करार करून नरकात जाई आणि त्याचा विदूषक नोकर काश्पर सैतानांना मंत्राच्या एका शब्दाने बोलवून दुसऱ्याने पिटाळून सुखरूप घरी जाई. विद्वानाने गमावलेले अडाण्याने सहज राखावे, ही युक्ती कोणा ग्रंथकाराला सुचली नव्हती.

१७४९ साली फ्रँकफुर्टमध्ये, म्हणजे स्पीसच्या पुस्तकाच्याच गावी, जन्मलेल्या ग्योटेला फाउस्ट प्रथम भेटला तो या बाहुल्यांच्या खेळात, असे त्याच्या आत्मचरित्रावरून दिसते. त्याने जवळजवळ साठ वर्षे हा विषय हाताळला. पहिला भाग १८०८ मध्ये आणि दुसरा त्याच्या मृत्यूनंतर १८३२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि शिक्षा भोगणारा मांत्रिक तिथे उद्धार पावणारा साधक झाला. मराठी वाचकाला या कृतीतील सर्वांत ओळखीचा वाटेल असा भाग म्हणजे तिची नाट्यगृहातील प्रस्तावना. विल्यम जोन्सने १७८९ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध केलेल्या ‘शाकुंतला’च्या इंग्रजी अनुवादावरून गेओर्ग फोर्स्टरने १७९१ मध्ये जर्मन अनुवाद केला, तो वाचून ग्योटे भारावला, आणि सूत्रधार व नटी यांच्या संवादाने नाटक उघडण्याची संस्कृत रीत त्याने ‘फाउस्ट’साठी घेतली असे सामान्यपणे मानले जाते. कालिदासाचा सूत्रधार विद्वानांचे समाधान हीच प्रयोगाची कसोटी मानतो. ग्योटेचा नाटकमंडळीचा मालक मात्र तिकीटबारीवर झुंबड उडाली पाहिजे म्हणतो, कवी त्यावर नाक मुरडतो आणि विदूषक दोघांत तडजोड घडवतो. हेन्स्लोची वही जणू इथे पात्र होऊन बोलू लागते. त्याच ‘शाकुंतला’च्या १८८० मधील पुण्याच्या प्रयोगाने अण्णासाहेब किर्लोस्करांनी मराठी संगीत नाटकाचा पाया घातला, आणि ग्योटेच्या ‘फाउस्ट’चा पहिला भाग विंदा करंदीकरांनी १९६५ साली मराठीत आणला.

इंग्लंडमध्ये मात्र फाउस्टसची घसरण झाली. १६६२ साली सॅम्युएल पीप्सने पाहिलेला प्रयोग त्याला अगदीच भिकार वाटला. १७२३ साली लंडनच्या दोन प्रतिस्पर्धी नाटकगृहांनी एका महिन्याच्या अंतराने फाउस्टसचे मूकनाट्य लावले, त्यात मांत्रिक हा रंगीत ठिगळांचा पोशाख घालणारा हार्लेक्विन नावाचा विदूषक झाला, आणि दोघांनीही बक्कळ पैसा केला. मार्लोची संहिता पुन्हा रंगमंचावर आली ती १८९६ साली, विल्यम पोएल या हौशी वृत्तीच्या दिग्दर्शकामुळे.

या दीर्घ इतिहासातील एक प्रयोग मात्र वेगळा काढून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील महामंदीच्या काळात बेकार नाट्यकर्मींना काम देण्यासाठी सरकारने ‘फेडरल थिएटर प्रोजेक्ट’ ही योजना काढली, आणि तिच्यात जानेवारी १९३७ मध्ये एकवीस वर्षांच्या ऑर्सन वेल्सने न्यूयॉर्क येथे ‘डॉक्टर फाउस्टस’ बसवले. तो स्वतः फाउस्टस झाला होता, आणि मेफिस्टोफिलिस, म्हणजे कराराचा मध्यस्थ सैतान, होता जॅक कार्टर हा कृष्णवर्णीय नट. वेल्सला हातचलाखीच्या खेळांचा लहानपणापासून नाद. त्याने रंगमंच काळ्या मखमलीने मढवला, प्रकाशाच्या झोतांत पात्रे प्रकट आणि लुप्त केली, जमिनीतल्या चोरदारांतून धूर व ज्वाला काढल्या, आणि प्रयोग कित्येक महिने चालला. १५७२ च्या कायद्याने ज्यांच्या कानाला डाग दिला असता, त्या फिरस्त्या नटांना इथे सरकारी तिजोरीतून आठवड्याचा पगार मिळत होता. तो फार काळ मिळाला नाही. डिसेंबर १९३८ मध्ये योजनेच्या संचालक हॅली फ्लॅनगन यांची काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे साक्ष झाली; त्यांच्या एका जुन्या लेखात मार्लोचा उल्लेख पाहून ॲलाबामाचे सदस्य जो स्टार्न्स यांनी हा मार्लो कम्युनिस्ट आहे काय असे विचारले, आणि तो शेक्सपिअरच्या लगेच आधीच्या काळातील सर्वांत मोठा नाटककार होता असे फ्लॅनगन यांना कामकाजात नोंदवून घ्यावे लागले. ३० जून १९३९ रोजी योजनेचे अनुदान बंद झाले.